फुकटची उमेदवारी

स्थानिक वृत्तपत्रातील उमेदवारीचे गुण मी नाकारीत नाही. नगरपालिकेच्या सभेचे सार दहा ओळींत आणणे, आडनावांतील कानामात्रा पडताळणे, आरोपी आणि गुन्हेगार यांतील भेद जाणणे, हे वर्गात बसून इतके पक्के होत नाही. परंतु 'शिक्षण हेच वेतन' हा चालकांचा युक्तिवाद लबाडीचा आहे. ज्या बातमीने अंकाचा रकाना भरतो, ती लिहिणे हे काम होय, आणि कामाला मोल असते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यान्वये कारखान्यात लेथ शिकणाऱ्या उमेदवाराला विद्यावेतन द्यावे लागते. मग लेखणी शिकणाऱ्यानेच उपाशी का राहावे?

ही फुकटची उमेदवारी परवडते ती आपल्यासारख्या पगारदारांच्या मुलांना. वडिलांची बदली झाली की ती गाव सोडतात. गावच्या गल्ल्या आणि बोली ज्याला ठाऊक, तो हमालाचा मुलगा मात्र दारातूनच परततो. मग त्या गावाची गाऱ्हाणी लिहिणार कोण? मुलासाठी शब्द टाकावयास संपादकाकडे जाणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने प्रथम विद्यावेतनाची मागणी करावी. ती त्या परतलेल्या मुलाच्या वतीने करावी.