अर्जुन आधी, द्रोण मागाहून

माजी विद्यार्थ्यांचे मेळावे भरविण्याची प्रथा आपल्या महाविद्यालयांत आता चांगली रुजली आहे. एके काळी विद्यापीठाची मैदाने गाजविलेले खेळाडू आणि त्यांना घडविणारे शिक्षक यांना अशा वेळी आवर्जून बोलाविले जाते. शाल खांद्यावर पडते, श्रीफळ हाती येते, दोन शब्द बोलले जातात आणि मंडळी चहापानाकडे वळतात. हा सारा उपचार आहे, असे म्हणून नाक मुरडणारेही पुष्कळ भेटतात. परंतु वाचकहो, या उपचारामागे एक ऋण उभे असते. ते वेळेवर फेडले नाही तर काय होते, हे खाशाबा जाधवांच्या आयुष्याकडे पाहिले की कळते.

कराडजवळच्या गोळेश्वर गावी १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः मल्ल. त्यामुळे लाल मातीची ओळख घरातच झाली. पुढे बाबुराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी यांचे मार्गदर्शन लाभले. शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात आले, तेव्हा जेमतेम साडेपाच फूट उंचीच्या या मुलाची अंगकाठी पाहून तेथील क्रीडाशिक्षकांनी वार्षिक स्पर्धेत त्यांचे नाव घेण्यास नकार दिला. खाशाबा थेट प्राचार्यांकडे गेले आणि प्राचार्यांनी परवानगी दिली. मग त्यांनी आपल्याहून अनुभवी मल्लांना एकामागून एक चीत केले. त्या एका होकाराचे मोल तेव्हा कोणाच्याच ध्यानी आले नसेल.

१९४८ मध्ये कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्याने ते लंडन ऑलिंपिकला गेले. मातीत वाढलेल्या मल्लाला गादीवरची कुस्ती नवी आणि तिचे नियमही नवे. तरीही त्यांनी सहावा क्रमांक मिळविला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकच्या वेळी मात्र प्रवासखर्चाचाच प्रश्न उभा राहिला. सरकारी मदत पुरेशी नव्हती. गावकऱ्यांनी वर्गणी काढली, खाशाबांनी दारोदार पदर पसरला. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्यपद भूषविलेले बॅरिस्टर खर्डेकर यांनी तर स्वतःचे राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. आपल्या विद्यार्थ्यासाठी घर गहाण ठेवणारा प्राचार्य! पदक मिळेल याची हमी त्यांना कोण देणार होते? त्यांच्यापाशी होता तो केवळ विश्वास.

२३ जुलै १९५२ रोजी त्या विश्वासाचे चीज झाले. सत्तावन्न किलो गटात खाशाबांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक, आणि दुसऱ्यासाठी देशाला १९९६ मध्ये लिअँडर पेसने टेनिसमध्ये कांस्य मिळवीपर्यंत चव्वेचाळीस वर्षे वाट पाहावी लागली. परतल्यावर गावाने शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक काढली. खाशाबांना मात्र खर्डेकरांचे घर विसरता येत नव्हते. त्यांनी कुस्त्यांचे फड भरविले, स्वतः लढले, जिंकले आणि मिळालेल्या रकमेतून गुरूचे घर सोडविले. पुराणकाळच्या कथांत शोभावी अशी ही गुरुदक्षिणा विसाव्या शतकात, आपल्याच भाषेच्या मुलखात घडली.

पुढची कथा तितकी मंगल नाही. १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात फौजदार झाले, दीर्घ सेवा केली आणि निवृत्तीनंतर निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत ज्योत वाहून नेण्याचा मान मिळाला खरा. पण १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार सुरू झाला तो १९६१ साली. म्हणजे पुरस्कार होता आणि खाशाबाही होते, अशी तेवीस वर्षे गेली. खाशाबांच्या नावे तो जाहीर झाला २००० साली, मरणोत्तर. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी दिल्लीतील कुस्तीच्या क्रीडागाराला त्यांचे नाव देण्यात आले. उत्तम झाले, पण त्या नावाची पाटी वाचायला ते नव्हते.

आता त्यांच्या शिक्षकांचा विचार करू. महाभारतात द्रोण आधी येतात आणि मग अर्जुन घडतो. आपल्या पुरस्कारांत मात्र अर्जुन १९६१ मध्ये आला आणि प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ मध्ये. पहिल्याच वर्षी कुस्तीसाठी भालचंद्र भास्कर भागवत यांचा गौरव झाला, ही समाधानाची गोष्ट. परंतु गुरूची आठवण व्हायला चोवीस वर्षे लागली हेही खरे. आणि प्रशिक्षक नसूनही ज्यांनी घर गहाण टाकले, त्या खर्डेकरांसारख्यांसाठी कोणत्या यादीत रकाना आहे?

वेळेवर झालेला गौरव कसा असतो, याचेही उदाहरण आपल्याकडे आहे. प्रा. दि. ब. देवधर पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृत शिकवीत आणि क्रिकेटचे मैदानही गाजवीत. त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक जिंकला. त्या वेळी त्यांनी पंचेचाळिशी ओलांडली होती. सांगलीचे विजय हजारे त्याच संघातून बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा करून गेले आणि पुढे बडोद्याचेच झाले, हे आपल्या बडोदेकर वाचकांना सांगायला नको. देवधरांच्या नावाचा करंडक १९७३ मध्ये सुरू झाला, १९९१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले आणि १९९३ मध्ये, वयाची शंभरी ओलांडून, त्यांनी जगाचा निरोप घेतला. आपल्या नावाच्या करंडकासाठी नव्या पिढीची मुले झुंजताना त्यांना वीस वर्षे पाहता आली.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना यातून करण्याजोगे बरेच आहे. गणेशोत्सवात किंवा मंडळाच्या वार्षिक संमेलनात कलावंतांचे सत्कार आपण हौसेने करतो. त्याच व्यासपीठावर गावातल्या महाविद्यालयाचा एखादा जुना कबड्डीपटू, धावपटू, मल्लखांबपटू, आंतरविद्यापीठ स्पर्धेत खेळून आलेली एखादी खोखोपटू आजी यांनाही बोलवावे. त्यांच्यासोबत त्यांच्या शिक्षकांना बोलवावे, आणि ते हयात नसतील तर त्यांचे नाव सभेत मोठ्याने घ्यावे. मानपत्रात विशेषणांची आरास नको. कोणत्या वर्षी, कोणत्या स्पर्धेत, काय केले आणि कोणी शिकविले, एवढे नेमके लिहिले तरी पुरे. शक्य असेल तर महाविद्यालयाच्या जिमखान्यातील नामफलकावर खेळाडूच्या नावाशेजारी प्रशिक्षकाचेही नाव कोरण्याचा आग्रह धरावा.

घरीही एक काम आहे. ट्रंकेच्या तळाशी संघाचा जुना समूहफोटो असतो. त्यातील प्रत्येक चेहऱ्याचे नाव सांगू शकणारे कोणी घरात असेल, तर आजच त्यांच्यापाशी बसून मागच्या बाजूस ती नावे लिहून घ्यावीत. मधोमध खुर्चीवर बसलेले, हातात शिटी असलेले गृहस्थ कोण, हे विसरू नये. पुष्कळदा त्यांचेच नाव सर्वांत आधी विस्मरणात जाते.

खाशाबांनी आपल्या गुरूंचे ऋण स्वतःच्या मनगटाच्या बळावर, गुरूंच्या डोळ्यांदेखत फेडले. आपल्याला त्यासाठी फडात उतरावे लागणार नाही. एक आमंत्रण, एक शाल, चार अचूक ओळी, आणि हे सारे ती व्यक्ती समोर बसून ऐकू शकते तोवर, एवढेच आपल्याकडून अपेक्षित आहे.