सोबत्याचा वेग

सक्करदऱ्याहून उमरेडकडे जाणाऱ्या रस्त्यावर रविवारीं पहाटे एक पतिपत्नी सायकलींवरून जातांना दिसतात. लांब पल्ल्याच्या शर्यतीची ही त्यांची तयारी. पति अधिक चपळ. परंतु समोरून वारा सुटला कीं तो पुढें राहून पत्नीस आडोसा देतो, आणि ती मागें पडल्यास वेग आवरतो. दम राखून कसें चालावें, हें मात्र आपण तिच्यापासून शिकलों, असें तो सांगतो.

अशानें त्याचा सराव बुडतो, असें कित्येक मुलें म्हणतात. आम्हांस हें मान्य नाहीं. दक्षिण आफ्रिकेंत २००४ सालीं सुरू झालेली केप एपिक ही डोंगरी सायकलींची शर्यत पाहा. ती ८ दिवसांची असून जोडीनेंच पुरी करावी लागते. जोडीदारांत २ मिनिटांहून अधिक अंतर पडल्यास दंड होतो. एकट्यानें आधीं पोहोंचण्यास तेथें किंमत नाहीं. मग सोबत्याचा वेग ओळखणें, हाच खरा सराव नव्हे काय?

विद्यार्थिमित्रहो, शेजारचा मुलगा गणितांत अडखळला असतां त्याच्यासाठीं थांबलेला वेळ फुकट गेला, असें मानूं नका. आणि पालकांनींही ‘कितवा आलास?’ याबरोबर ‘कोणास सोबत आणलेंस?’ हेंही विचारावें.