अण्णांवरचा उजेड

यंत्रांचे आणि माझे सख्य कितपत आहे, हे या सदराच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. मिक्सरचे झाकण बसवताना ज्याला दोनदा विचार करावा लागतो, त्या मराठीच्या प्राध्यापकाने चलच्चित्रे सुधारण्याच्या भानगडीत पडावे, हे आमच्या घरात कुणालाच पसंत नव्हते. पण प्रसंगच तसा आला.

धाकट्या बहिणीच्या लग्नाची डीव्हीडी २००५ सालची. आमचे अण्णा त्यानंतर दोनच वर्षांनी गेले. फोटो पुष्कळ आहेत. पण चालणारे, हसणारे, अक्षता टाकणारे अण्णा काय ते त्या एका तबकडीत. गेल्या नरकचतुर्दशीला फराळ आटोपल्यावर आईने ती लावायला सांगितली. मी ती जुन्या संगणकात सरकवली, व्हीएलसी सुरू केले, आणि पाच मिनिटांत आई म्हणाली, "राहू दे रे. ह्यात हे दिसतच नाहीत."

खोटे नव्हते. मांडवातला झगझगीत दिवा नेमका अण्णांच्या पाठीमागे, चेहऱ्यावर काळोख. हात हलला की बोटांना फणीसारखे दाते फुटत. आणि जन्मभर काडीसारखे असलेले अण्णा पडद्यावर चांगले गरगरीत!

'टूल्स'मधल्या 'इफेक्ट्स अँड फिल्टर्स'मध्ये शिरून मी 'इमेज अ‍ॅडजस्ट'वर खूण केली आणि ब्राइटनेसची पट्टी धीटपणे सरकवली. मांडव, भटजी, अण्णा सगळेच ताकात बुडवून काढल्यासारखे झाले. "बाबा, ब्राइटनेस नको, गॅमा," अकरावीतले चिरंजीव म्हणाले. ब्राइटनेस सगळ्यांनाच सरसकट वर उचलतो, मग काळेही राखाडी होते. गॅमा दोन्ही टोकांना धक्का न लावता मधल्या छटा तेवढ्या उजळतो. अण्णांचा चेहरा हळूहळू वर आला. फार ओढले असते तर नुसते दाणे दिसले असते; कॅमेऱ्याने जे टिपलेच नाही, ते कुठल्याही पट्टीने परत येत नाही. सॅच्युरेशनला मी मोहाने हात लावला. शालू खुलला खरा, पण वऱ्हाडी शेंदूर फासल्यासारखे दिसू लागले, म्हणून मुकाट्याने मागे आणले.

आता ती फणी. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीत चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचे, सेकंदाला २५. जुन्या दूरचित्रवाणीच्या सोयीने केलेल्या चित्रणात एकेक चित्र दोन हप्त्यांत येते: आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या. दोन हप्त्यांत सेकंदाचा पन्नासावा भाग जातो, आणि तेवढ्यात अक्षतांचा हात सरकलेला असतो! संगणक दोन्ही हप्ते एकदम दाखवतो, की झाली फणी. 'व्हिडिओ'मधले 'डीइंटरलेस' चालू करून 'यादिफ' हा प्रकार निवडला, आणि बोटे पुन्हा बोटे झाली. तबकडीवर यातले काही उमटत नाही, हे कळल्यावर माझाही जीव भांड्यात पडला.

राहिला लठ्ठपणा. चित्रण ४:३ मापाचे, तबकडी करणाऱ्याने नोंद ठेवली १६:९ची. त्यामुळे जो तो रुंदीला एक-तृतीयांशाने वाढलेला. कळफलकावरची 'ए' ही कळ दाबत गेले की मापे बदलतात. ४:३ आले, आणि अण्णा अण्णांसारखे झाले.

आई खुर्ची पुढे घेऊन बसली. "कोटाचं वरचं बटण बघ. काळ्या दोऱ्यानं लावलं होतं मी. ऐन वेळी तपकिरी मिळेना." तो दोरा तिला दिसत होता की आठवत होता, कोण जाणे, मला तर बटणही धड दिसेना.

मग बराच वेळ ती काही बोलली नाही. मंगलाष्टके संपली, पंगत बसली, अण्णा आग्रह करीत फिरू लागले.

"अरे," ती हळूच म्हणाली, "मघासारखे जाड करता येतील का रे पुन्हा? वजन वाढवा, वजन वाढवा म्हणून डॉक्टर किती वर्षं सांगत होते."

मी 'ए' दाबली.