मुलीची पाठ एकदा वाकवून पाहा

शाळेचा नवा गणवेश अंगात घातला आणि तो एका खांद्यावर वर ओढल्यासारखा दिसला, की आपण शिंप्याला बोल लावून मोकळे होतो. पण दुसऱ्या शिंप्याने शिवलेले कपडेही तसेच बसू लागले, तर मायबहिणींनो, दोष मापाचा नसतो. मुलीच्या पाठीचा कणा एका अंगाला कलू लागलेला असू शकतो. डॉक्टर याला स्कोलिओसिस म्हणतात. दहा ते सोळा वर्षांच्या शंभर मुलांमागे दोघा-तिघांत असा बाक थोडाफार आढळतो. लहानसा बाक मुलगे-मुली दोघांतही दिसतो. पण वाढत जाणारा बाक मुलींमध्ये कितीतरी जास्त.

बहुतेक मुलांत याचे कारण सापडत नाही. घराण्यात कुणाला असला तर शक्यता थोडी वाढते. दप्तराच्या ओझ्याने, कमरेवर घागर घेतल्याने किंवा एकाच कुशीवर झोपल्याने तो होत नाही. गरोदरपणी ग्रहण पाळले नाही म्हणून तर नाहीच नाही. तेव्हा सुनेला जुनी ग्रहणे आठवून बोलण्यात काही हशील नाही.

घरच्या घरी पाठ पाहायला दोन मिनिटे लागतात. आईने किंवा आजीने मुलीला पाठीवरचे कपडे काढून अनवाणी उभे करावे. पाय जुळवलेले, गुडघे ताठ. दोन्ही तळहात एकमेकांना जोडून तिला कमरेतून पुढे वाकायला सांगावे आणि आपण मागून पाहावे. चांगली पाठ दोन्ही अंगांना सारखी दिसते. बाक असेल तर एका अंगाच्या बरगड्या वरंब्यासारख्या उचललेल्या दिसतात. मग तिला सरळ उभी करून पाहा. एक खांदा वर आहे का, एक फरा बाहेर आला आहे का, कमरेची खोबण दोन्हीकडे सारखी आहे का? वयाच्या दहाव्या वर्षापासून उंची थांबेपर्यंत दर सहा महिन्यांनी हे पाहावे.

हे वय मुद्दाम सांगितले. मुलगी शहाणी होण्याच्या आगेमागे उंची भराभर वाढते आणि बाकही त्याच दिवसांत झपाट्याने वाढतो. "मोठी झाली की आपोआप सरळ होईल" असे म्हणून दोन वर्षे दवडली, तर हातची वेळ निघून जाते.

एक्स-रे काढून बाक अंशांत मोजतात. दहा अंशांच्या आत असेल तर त्याला स्कोलिओसिस म्हणतच नाहीत. पंचवीसपर्यंत असेल आणि मुलगी वाढीला असेल, तर बहुधा नुसते लक्ष ठेवतात. पंचवीस ते चाळीस असेल आणि उंची वाढायची असेल, तर पट्टा देतात. पन्नासच्या घरात गेला की शस्त्रक्रियेची गोष्ट निघते, कारण एवढा बाक उंची थांबल्यावरही हळूहळू वाढत राहतो.

१७४१ साली निकोलस आंद्री नावाच्या फ्रेंच वैद्याने मुलांच्या शरीरातील व्यंगांवर पुस्तक लिहिले. त्यात खुंटाला दोरीने बांधलेल्या वाकड्या झाडाचे चित्र होते. हाडांच्या डॉक्टरांच्या कितीतरी संस्थांनी पुढे तेच चित्र आपले चिन्ह केले. आपल्याला ते समजावून सांगायला नको; कलते कोवळे रोप आपण काठीला बांधतोच. फरक एवढाच की पट्ट्याचे काम कणा सरळ करणे नव्हे, तर असलेला बाक वाढू न देणे. हे आधीच नीट समजून घेतले म्हणजे सहा महिन्यांनी "पट्टा लावूनही पाठ तशीच आहे" म्हणून तो माळ्यावर जात नाही. तशीच राहिली, म्हणजे पट्टा कामी आला!

अमेरिका व कॅनडात झालेला एक मोठा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. पट्टा वापरणाऱ्या मुलांपैकी शेकडा ७२ जणांचा बाक पन्नास अंशांपर्यंत गेला नाही. नुसती देखरेख ठेवलेल्यांत हे प्रमाण शेकडा ४८ होते. रोज तेरा तासांहून अधिक वेळ पट्टा घालणाऱ्यांत ते ९०च्या पुढे गेले. म्हणजे पट्टा घरात असून भागत नाही, तो अंगावर असावा लागतो.

आणि खरी अडचण इथेच आहे. प्लॅस्टिकचे ते कवच अंगाच्या मापाने बनवलेले, घट्ट. चैत्र-वैशाखात जीव नकोसा होतो. आत शिवण नसलेली सुती बनियन घालावी, ती रोज बदलावी, आणि पट्ट्याखाली तेल लावू नये. लाल वळ अर्ध्या तासात गेला नाही तर पट्टा सैल-घट्ट करून आणावा. आंघोळीला आणि खेळायला काढायला हरकत नसते. वर्गात कुणी चिडवू नये म्हणून गुरुजींना किंवा बाईंना आधी सांगून ठेवावे. बारा-तेरा वर्षांच्या पोरीला लाज वाटते. तिला रागावू नका.

व्यायामाचाही उपयोग आहे. जर्मनीच्या कॅथरिना श्रॉथ यांना स्वतःलाच हा बाक होता. त्यांनी १९२१च्या सुमारास दबलेल्या बाजूत श्वास भरण्याचे व्यायाम बसवले. ते बाकाप्रमाणे वेगवेगळे असतात, म्हणून जाणत्या फिजिओथेरपिस्टकडूनच शिकावेत. कबड्डी, सायकल, शेतातली हलकी कामे, सगळे चालू ठेवावे.

आता मणके "बसवणाऱ्यां"विषयी. उसण भरली की आपण पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घेतो. शहरांत आणि मोबाइलच्या चित्रांत हल्ली कायरोप्रॅक्टिकवाले दिसतात. ही विद्या १८९५ साली अमेरिकेत डी. डी. पामर यांनी सुरू केली. हाताने झटका देतात, कट्‌कन आवाज येतो आणि रोग्याला मोकळे वाटते. मोठ्या माणसाच्या पाठदुखीला त्याने काही काळ आराम पडतो. पण तो आवाज सांध्यातील वायूच्या बुडबुड्याचा; हाड जागेवर गेल्याचा नव्हे. वाढत्या मुलीचा बाक त्याने थांबतो, असा भरवशाचा पुरावा नाही. पट्ट्याचे दिवस त्यात घालवणे मला तरी महागाचे वाटते.

शिवाय एक मोठा धोका आहे. आपल्याकडे मणक्याचा क्षयही होतो. पाठीत सतत ठणका, रात्री दुखून जाग येणे, संध्याकाळी कणकण, वजन घटणे, पाय बधिर किंवा लुळे पडणे, लघवीवर ताबा न राहणे, यांतले काही असेल तर कुणालाही पाठ दाबू देऊ नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. किडलेल्या मणक्याला झटका बसला तर पाय कायमचे जाऊ शकतात. एक्स-रे निघाल्याशिवाय पाठीला कुणाचा हात नको.

लग्नाच्या काळजीने ही गोष्ट झाकून ठेवणारी घरे आहेत. मध्यम बाक असलेल्या बायका संसार करतात, बाळंत होतात, खुरपणीलाही जातात. झाकल्याने वाढतो तो बाकच.

शाळेत मुलांच्या तपासणीला सरकारी पथक येते, त्यांना मुलीची पाठ दाखवा. ते जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी देतील. मुंबईत हाजीअलीजवळच्या केंद्र सरकारच्या पुनर्वसन संस्थेत पट्टे बनवून मिळतात. वाढत्या अंगाला पट्टा अपुरा होतो, तेव्हा तो बदलावा लागेल हे खर्चात धरून ठेवा. दर खेपेच्या एक्स-रेवर तारीख घालून तो रेशनकार्डाच्या पिशवीत, कोरड्या जागी ठेवा आणि पुढच्या खेपेला जुने सगळे घेऊन जा. नव्याशेजारी जुना धरल्यावरच बाक वाढला की थांबला ते डॉक्टरांना सांगता येते.