मडके, गाडगे आणि ‘समानार्थी’ शब्द

मडके, गाडगे, घट, सुगड, माठ, रांजण, बोळके व परळ हे सारे शब्द समानार्थी होत. त्यांतील एकदोन राखून बाकीचे कोशात निजवून ठेविले तरी मराठीचे काही अडणार नाही, असा एक समज सुशिक्षितांत दृढ होत चालला आहे. शाळेतील समानार्थी शब्दांच्या याद्यांनी या समजास खतपाणी घातले आणि प्रदर्शनांतील पाट्यांनी त्यास प्रतिष्ठा दिली. तेथे भाजलेल्या मातीची प्रत्येक वस्तू एक तर ‘टेराकोटा’ असते, नाही तर ‘मृत्पात्र’! हा समज चुकीचा आहे, इतकेच नव्हे तर तो घातक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

शब्दाचा अर्थ कोशापेक्षा व्यवहारात अधिक खरा सापडतो. म्हणून प्रथम व्यवहाराकडे पाहू. नवरात्रात आपल्या घरी घट बसतात. मडकी बसत नाहीत. संक्रांतीस सुवासिनी सुगडे पूजितात; हा शब्द ‘सुघट’ याचेच घरगुती रूप असला, तरी त्या दिवशी कोणी ‘घट आणा’ म्हणत नाही. लग्नात करवलीच्या हाती करा असतो. गोकुळाष्टमीस हंडी फुटते. प्रेतयात्रेपुढे शिंकाळ्यात विस्तव चालतो तो मडक्यातून, आणि त्या मडक्याचे नाव मंगलकार्यात कोणी सहसा काढीत नाही. माती एक, चाक एक, कुंभारही एकच. परंतु समाजाने प्रत्येक वस्तूस तिचा प्रसंग व तिची पायरी नेमून दिली, आणि ती नेमणूक शब्दात नोंदविली. अशा शब्दांस समानार्थी म्हणणे म्हणजे आई, मावशी व आत्या या तिघी स्त्रियाच, तेव्हा हाक कोणत्याही नावाने मारावी, असे म्हणण्यासारखे आहे.

लाक्षणिक प्रयोगांत तर हा भेद अधिकच उघडा पडतो. पाप भरते ते घड्यात, दोष लादताना फोडतात ते खापर, दात पडल्यावर तोंडाचे होते ते बोळके, मंदबुद्धीचा तो माठ, आणि संसार फिरतो तो रहाटगाडग्यासारखा. एका शब्दाच्या जागी दुसरा घालून पाहा. वाक्य तत्काळ लंगडे होते. पती-पत्नींच्या कायदेशीर वियोगास आपण घटस्फोट म्हणतो. ‘मडकेफोड’ म्हटले तर न्यायालयात हशा पिकेल. उलट, हातात गाडगे घेऊन गावोगाव झाडू मारीत फिरणाऱ्या त्या सत्पुरुषास (१८७६–१९५६) लोकांनी गाडगेमहाराज म्हटले. त्या नावातील सारी निरिच्छता त्या ओबडधोबड शब्दात आहे. ‘मृत्पात्रमहाराज’ म्हणून पाहावे, म्हणजे आमचे म्हणणे पटेल.

कोणी म्हणेल, हा सारा भावनेचा खेळ झाला. शास्त्राला एकच काटेकोर शब्द हवा. ठीक आहे, शास्त्राचीच साक्ष काढू. माठ मंद आचेवर भाजलेला असतो, त्यामुळे त्याच्या अंगात सूक्ष्म छिद्रे राहतात; त्यांतून पाणी पाझरते, बाहेर येऊन वाफ होते आणि आतील पाण्याची उष्णता हरण करते. चिनीमातीची बरणी याहून कितीतरी प्रखर आचेवर भाजतात व तिच्यावर काचेसारखा लेप असतो. म्हणून ती तेल-मीठ शोषीत नाही आणि लोणचे टिकविते. परंतु तिच्यात पाणी माठासारखे गार होणार नाही. माठ व बरणी या दोहोंस ‘सिरॅमिक’ म्हटल्याने शास्त्र काटेकोर झाले की ढिले झाले, हे वाचकांनीच ठरवावे. आणि ‘टेराकोटा’ या भारदस्त पाहुण्याचा इटालियनमधील अर्थ तरी काय? ‘भाजलेली माती’, एवढाच!

घरगुती शब्दास शास्त्रात जागा नसते, हेही खरे नाही. निघोजजवळ कुकडी नदीच्या पात्रात पाण्याने खडक कोरून जे खोल खड्डे पाडले आहेत, त्यांस आपल्या भूगोलाने ‘रांजणखळगे’ असे नाव दिले. ज्याने रांजण पाहिला आहे त्यास व्याख्येची गरज उरली नाही. परिभाषा करावी ती अशी.

सामान्यवाचक शब्दाचा मात्र आम्हांस द्वेष नाही. जोर्वे येथे १९५०-५१ साली आणि पुढे इनामगाव येथे झालेल्या उत्खननांत सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची जी पात्रे निघाली, त्यांस पुरातत्त्वज्ञ ‘मृद्भांडी’ म्हणतात, ते यथायोग्यच आहे. ती पात्रे घडविणारे आपल्या बोलीत त्यांस काय म्हणत, हे सांगण्यास आज कोणी उरलेले नाही. परंतु येथेच आमच्या विरोधाचे मर्म आहे. ज्या वस्तूंची नावे मेली, त्यांस सामान्यनामाचे कफन घालणे शोभते. ज्यांचे घडविणारे अद्याप आपल्या बाजारात बसले आहेत, त्या वस्तूंस ते कफन जिवंतपणी का घालावे?

स्टील, प्लॅस्टिक व शीतकपाट यांनी या वस्तूंचा वापर घटविला, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु वस्तू मागे पडते ती गरज सरल्याने; शब्द मागे पडतो तो आपल्या आळसाने. आणि नाव विसरलेली वस्तू मागणार तरी कशी? गिऱ्हाइकास परळ हा शब्द ठाऊक नसेल, तर कुंभार परळ कशासाठी घडवील? शब्दाचे मरण असे कारागिराच्या चुलीपर्यंत जाऊन पोचते.

कच्चे मडके कोणते व पक्के कोणते, हे गोरोबाकाकांनी थापटण्याने ठोकून पाहिले, अशी परंपरागत कथा आहे. तीच कसोटी आम्ही या ‘समानार्थी’ याद्यांस लावू इच्छितो. प्रत्येक शब्द वाक्यात ठोकून पाहावा. जेथे दोन शब्दांचा नाद एकच निघेल, तेथेच बरोबरीचे चिन्ह घालावे. हे काम शिक्षकांनी वर्गात व आईबापांनी घरी करावे. तोवर त्या याद्या बद्द वाजतात, असेच आम्ही म्हणणार.