मुलाम्याखालचे लोखंड

अब्बांची येझदी दुरुस्तीला काढली आणि घरात वाद सुरू झाला. चाके पुन्हा क्रोमची करायची की पावडर कोटिंग? अब्बा म्हणाले, "येझदीचं चाक चमकलंच पाहिजे."

मला वाटते, प्रश्न चमकेचा नाही, तिच्याखालच्या लोखंडाचा आहे. उर्दूत 'मुलम्मा', मराठीत 'मुलामा'. शब्द एकच, आणि दोन्ही भाषांत तो फसवणुकीसाठीही वापरतात.

मी स्वतः फसलो आहे. मागे एका दुकानात तारा न काढताच रिमवर चंदेरी रंग मारून घेतला. पावसाळाभर नांदेडहून लोहा-अहमदपूरमार्गे लातूरला ये-जा केली. काळ्या मातीचा चिखल तारांच्या मुळाशी बसून राहिला आणि दिवाळीपर्यंत रंगाचे पापुद्रे सुटले. खाली गंज तसाच होता.

आपला कल्हईवाला अशी चूक करत नाही. आधी भांडे घासतो, तापवतो, नवसागर टाकतो, मगच कथील फिरवतो. चाकालाही तोच न्याय हवा. तारा काढा, गंज मुळापासून उतरवा आणि तडा किंवा खोल खड्डे आहेत का ते पाहा. लोखंड खाल्ले गेले असेल तर रिम बदला. त्यावर कुठलाही थर देणे म्हणजे जीवाशी खेळ.

जुने क्रोम शाबूत असेल तर त्याला हात लावू नये. गाडी प्रदर्शनात ठेवायची असेल तर नवे क्रोमही ठीक. पण त्यासाठी खड्डे घासून सपाट करावे लागतात आणि रिम पातळ होते. शिवाय त्या कामाच्या सांडपाण्यात विषारी क्रोमियम असते. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणलेल्या लातूरच्या माणसांनी एवढा विचार करायला हवा.

रोज चालवायच्या गाडीला मी पावडर कोटिंगच सुचवीन. पावडर साधारण १८० ते २०० अंशांच्या भट्टीत वितळून घट्ट बसते. मात्र क्रोमवर ती नीट धरत नाही, म्हणून जुना थर आधी काढावा. तारा-निपलच्या आट्यांवर कोटिंग येऊ देऊ नये, नाहीतर मिस्त्रीला आऊट काढता येत नाही.

म्हैसूरच्या कारखान्यातून येझदी १९९६ नंतर निघाली नाही. तिथे घडलेले लोखंड टिकवणे, हेच मला तिचे मूळ रूप जपणे वाटते. अब्बांना चंदेरी चाक अजून फिके वाटते. पण परवा ते स्वतः चालवत मशिदीपर्यंत जाऊन आले.