सकाळी मूठ वळते का?

तीस वर्षांवरील नागरिकांची रक्तदाब, मधुमेह आणि तोंड, स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तपासणी आता गावपातळीवर होते. आमवात, म्हणजे रूमेटॉइड आर्थरायटिस, या यादीत नाही. प्रौढांमध्ये त्याचे प्रमाण सुमारे अर्धा ते एक टक्का असून स्त्रियांमध्ये तो पुरुषांच्या दोन ते तीन पट आढळतो.

या आजारात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. सूज हळूहळू कूर्चा आणि हाड पोखरते. बरेचसे नुकसान पहिल्या दोन वर्षांतच होते. एकदा वाकडी झालेली बोटे औषधाने सरळ होत नाहीत. म्हणून उपचार शक्यतो पहिल्या तीन महिन्यांत सुरू व्हायला हवेत.

प्रत्यक्षात हा काळ ‘कामाने दुखतंय’ म्हणण्यात जातो. चिकुनगुनियानंतरही हात महिनोन्‌महिने दुखतात, त्यामुळे गोंधळ वाढतो. काही जण अनोळखी पुड्या घेतात. त्यांत अनेकदा स्टेरॉइड असते. दुखणे थांबते, पण हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते.

सकाळी अर्ध्या तासाहून अधिक ताठरपणा, दोन्ही हातांच्या बोटांच्या मुळाशी किंवा मधल्या पेरांवर सूज, असे काही आठवडे टिकले तर डॉक्टरांना दाखवा. ‘आर ए फॅक्टर’ निगेटिव्ह आला म्हणून आजार नाही, असे नसते. वयोमानाने होणारी झीज बहुधा बोटांच्या टोकाकडील सांध्यांत आणि अंगठ्याच्या मुळाशी दिसते.

मेथोट्रेक्सेट हे मुख्य औषध स्वस्त असून राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे. रोज घेतल्यास जिवावर बेतू शकते. ठरावीक काळाने रक्ततपासणी हवी आणि गरोदरपणात ते चालत नाही.

औषधाच्या जोडीने हात जपा. पातेले दोन्ही तळहातांवर पेला, पिशवी खांद्याला अडकवा. ओले कपडे पिळण्याऐवजी दाबून पाणी काढा. चाकू, खुरपे यांच्या मुठी कापड गुंडाळून जाड करा. कोमट पाण्यात हात ठेवून बोटे सावकाश मिटा, उघडा. सूज फार असेल तेव्हा मनगटाला पट्टीचा आधार आणि विश्रांती द्या.

आशा सेविका घरोघरी माहिती भरून घेतातच. त्यात एका प्रश्नाची भर घालावी : सकाळी मूठ वळायला वेळ लागतो का? त्याला खर्च नाही. मात्र ‘हो’ म्हणणाऱ्या रुग्णाला पुढे तपासणारा डॉक्टर आणि नियमित औषध जिल्हा रुग्णालयात मिळायला हवे. नाहीतर हा प्रश्न कागदावरच राहील.